सुकाणू आणि पाटी

लढाईच्या गोष्टी आपल्या घरांत आवडीने ऐकल्या जातात. बेळगावाभोवतालच्या खेड्यांत तर पलटणीत चाकरी करून आलेला एखादा वडीलधारा नाही असे घराणे विरळाच. संध्याकाळची प्रार्थना आटोपल्यावर ओसरीवर बसून त्याने सांगितलेली आघाडीवरची हकिकत मुले डोळे विस्फारून ऐकतात. परंतु लढाई संपून घरी आल्यावर पुढे त्याने काय केले, हे मुले विचारीत नाहीत. आणि खरे पाहता थोर माणसेही विचारीत नाहीत. रणांगणावर एका प्रसंगी दाखविलेले धैर्य मोठे खरेच. पण शांततेच्या काळात, कीर्ती पदरात पडून गेल्यानंतर, वर्षानुवर्षे एकाच कामाला चिकटून राहावयास जे धैर्य लागते, ते त्याहून कमी प्रतीचे नव्हे. ही दोन्ही धैर्ये एकाच पुरुषाच्या ठायी कशी नांदली, ह्याचे एक उदाहरण आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे. हा पुरुष आपल्या देशातला नव्हे. तो अमेरिकेतला, जन्माने गुलाम, युद्धात नावाजलेला आणि पुढे आपल्या राज्याच्या विधिमंडळाचा सभासद झालेला रॉबर्ट स्मॉल्स होय.

रॉबर्टचा जन्म ५ एप्रिल १८३९ रोजी साउथ कॅरोलायना राज्यातील ब्यूफर्ट ह्या समुद्रकाठच्या गावी झाला. खाड्या, दलदल, भाताची खाचरे आणि कापसाचे मळे असा तो प्रदेश. त्याची आई लिडिया ही मॅकी नावाच्या मालकाच्या घरची गुलाम होती, म्हणून कायद्याने मुलगाही जन्मतःच त्या मालकाची मालमत्ता ठरला. हे काही एखाद्या घरचे विशेष दुर्दैव नव्हते. १८६० सालच्या शिरगणतीप्रमाणे त्या राज्याच्या सुमारे ७ लक्ष ३ हजार लोकवस्तीपैकी ४ लक्ष २ हजार माणसे गुलाम होती. म्हणजे निम्म्याहून अधिक माणसे उरलेल्या माणसांच्या मालकीची होती.

मालकाच्या घरात रॉबर्टचे बरे लाड होत असत. एखाद्या आईला ह्यात समाधान वाटले असते. लिडियाला मात्र त्याची धास्ती वाटली. आपल्या मुलाला आपण कोण आहोत ह्याचा विसर पडेल, हे तिने ओळखले. म्हणून गुलामांना जेथे चाबकाने फोडून काढीत तेथे तिने मुद्दाम त्याला नेऊन ते दृश्य दाखविले, असे त्या घराण्यात सांगत आले आहेत. मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला सुखी ठेवण्यापेक्षा, त्याचे डोळे उघडून त्याला दुःखी करणे त्या माउलीने पत्करले. पुढे त्या मुलाने जे केले त्याचे बीज ह्या कठोर मायेत आहे.

आणखी एक गोष्ट येथेच सांगून ठेविली पाहिजे, कारण पुढील सारी कथा तिच्याभोवती फिरते. साउथ कॅरोलायनात गुलामाला लिहावयास शिकविणे १७४० सालच्या कायद्याने गुन्हा ठरले होते. १८३४ साली तो कायदा अधिक कडक करून वाचावयास शिकविण्यासही बंदी झाली. शिकविणारा गोरा असेल तर त्याला १०० डॉलरपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि शिकविणारा स्वतंत्र कृष्णवर्णीय असेल तर त्याला ५० फटक्यांपर्यंत शिक्षा व दंड. मालकांचे म्हणणे असे की, गुलामांची बुद्धी मंद असते, त्यांना विद्या येत नाही. मग येत नाही त्या गोष्टीवर कायद्याने बंदी कशाला हवी होती? विद्या त्यांना येईल, आणि ती आली की साखळी तुटेल, हे मालकांना पक्के ठाऊक होते.

बाराव्या वर्षी रॉबर्टला चार्ल्सटन बंदरात मोलमजुरीसाठी धाडण्यात आले. त्याने हॉटेलात काम केले, रस्त्यावरचे दिवे लाविले, धक्क्यावर हमाली केली, शिडे शिवली, दोर वळले आणि अखेरीस तो बोटीवर सुकाणू धरू लागला. मजुरीतला बहुतेक भाग मालकाच्या खिशात जाई. १८५६ च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्याने हॅना नावाच्या, हॉटेलात काम करणाऱ्या गुलाम स्त्रीशी विवाह केला. त्यांना मुलगी झाली, पण ती त्या दोघांची नव्हे, तर हॅनाच्या मालकाची! पत्नी व मुलगी ह्यांना विकत घेऊन मुक्त करावे म्हणून त्याने मालकाशी बोलणे केले. किंमत ठरली ८०० डॉलर. पै पै साठवूनही ती पुरी होईना. आणि ती होईपर्यंत मालकाने दोघींना दुसऱ्या कोणास विकले तर? ज्या घरात बापाला आपले लेकरू रोख पैसे मोजून विकत घ्यावे लागते, त्या घरातील रात्री कशा जात असतील, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

एप्रिल १८६१ मध्ये चार्ल्सटन बंदराच्या तोंडावरील फोर्ट सम्टर ह्या किल्ल्यावर तोफा सुटल्या आणि अमेरिकेचे यादवी युद्ध सुरू झाले. गुलामी टिकवू पाहणारी दक्षिणेकडील राज्ये एका बाजूस आणि केंद्र सरकार दुसऱ्या बाजूस. बंडखोर दक्षिणेच्या लष्कराने ‘प्लँटर’ नावाची कापूस वाहणारी आगबोट आपल्या कामी लाविली, आणि तिच्या सुकाणूवर रॉबर्ट होता. गोऱ्याला पायलट म्हणत आणि तेच काम करणाऱ्या गुलामाला नुसता चाकवाला म्हणत. परंतु त्या बंदरातील प्रत्येक उथळ जागा, प्रत्येक वळण, प्रत्येक किल्ल्याची खूण ह्या चाकवाल्याला पाठ होती. वाचता येत नसल्याने त्याने सारे डोक्यात साठविले होते.

१२ मे १८६२ च्या रात्री बोटीवर तिच्या स्वतःच्या दोन तोफांखेरीज चार मोठ्या तोफा व दारूगोळा चढविलेला होता. नियम मोडून तिन्ही गोरे अधिकारी रात्री मुक्कामास शहरात गेले. पहाटे तीनच्या सुमारास रॉबर्ट आणि त्याचे सोबती ह्यांनी बोट सोडली. दुसऱ्या एका धक्क्यावर लपून बसलेली बायकामुले त्यांनी वर घेतली. सर्व मिळून सोळा जीव होते. सापडलो तर शरण जावयाचे नाही, बोटीसकट जलसमाधी घ्यावयाची, असे आधीच ठरले होते. रॉबर्टने कप्तानाचा कोट अंगात घातला, त्याची गवती टोपी डोक्यावर ओढली आणि कप्तान उभा राही तसाच तो हात बांधून उभा राहिला. वाटेत एकामागून एक किल्ले लागले. प्रत्येक ठिकाणी त्याने बिनचूक शिट्टी दिली. साडेचारच्या सुमारास फोर्ट सम्टरच्या तोफांखालून, दोन लांब व एक आखूड अशी शिट्टी देऊन, नेहमीच्या संथ गतीने बोट पुढे गेली. घाई केली असती तर संशय आला असता. किल्ल्यांच्या माऱ्याबाहेर पडताच बंडखोरांचे निशाण खाली उतरले आणि हॅनाने बरोबर आणलेली पांढरी चादर वर चढली. समोर केंद्र सरकारची ‘ऑनवर्ड’ युद्धनौका तोफा रोखून उभी होती. पहाटेच्या धुक्यात ती चादर क्षणभर उशिरा दिसती तर ही कथा तेथेच संपती. ती वेळेवर दिसली. तेवीस वर्षांच्या रॉबर्टने बोट, तोफा, शत्रूच्या खुणांचे पुस्तक आणि आपल्या डोक्यातील बंदराचा सारा नकाशा सरकारच्या स्वाधीन केला.

कालपर्यंत ज्याला जो तो ‘अरे’ म्हणून हाक मारी, त्याचे नाव आठवड्याभरात उत्तरेतील सर्व वृत्तपत्रांत झळकले. आपणही येथून पुढे त्यांचा उल्लेख आदरानेच करू.

काँग्रेसने कायदा करून त्यांना १,५०० डॉलर बक्षीस दिले. ऑगस्ट १८६२ मध्ये स्मॉल्स वॉशिंग्टनला गेले आणि कृष्णवर्णीयांना सैन्यात घ्यावे ह्या मागणीला त्यांनी आपल्या उदाहरणाचे बळ दिले. परत येताना युद्धमंत्री स्टँटन ह्यांचे पत्र त्यांच्यापाशी होते. पाच हजारांपर्यंत कृष्णवर्णीयांना सैन्यात भरती करण्याची परवानगी त्यात होती. युद्ध संपेपर्यंत केंद्र सरकारच्या लष्करात भरती झालेल्या कृष्णवर्णीय सैनिकांची संख्या पावणेदोन लाखांच्या वर गेली. स्मॉल्स स्वतः पायलट म्हणून लढत राहिले. ७ एप्रिल १८६३ रोजी ‘किओकक’ ह्या चिलखती युद्धनौकेचे सुकाणू त्यांच्या हाती होते. तिला सुमारे नव्वद गोळे लागले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती बुडाली, स्मॉल्स बचावले. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘प्लँटर’ बोट तोफांच्या माऱ्यात सापडली असता तिचा गोरा कप्तान कोळशाच्या कोठारात दडून बसला आणि स्मॉल्स ह्यांनी ती बाहेर काढली, असे पुढे काँग्रेसपुढे नमूद झाले आहे. त्यानंतर ते त्या बोटीचे कप्तान झाले.

येथपर्यंतचा भाग अमेरिकेतील पुष्कळ मुलांना ठाऊक असतो. पुढचा भाग कमी सांगितला जातो, आणि खरे महत्त्व त्यालाच आहे.

१८६४ साली ‘प्लँटर’ दुरुस्तीसाठी फिलाडेल्फिया शहरी गेली. दुरुस्तीला महिने लागले. ज्याच्या नावाचा गवगवा झाला आहे त्याला ह्या रिकाम्या वेळात सत्कार घेत फिरता आले असते. स्मॉल्स ह्यांनी शिक्षक लावून अक्षरे गिरविण्यास आरंभ केला. पंचविशीचा बाप्या, पोराबाळांचा धनी, शत्रूच्या किल्ल्याखालून बोट काढणारा कप्तान, तो पाटीवरच्या पहिल्या अक्षरापाशी बसला! आपल्या गावी साक्षरतेच्या वर्गास जावयाची चाळिशीतल्या माणसाला लाज वाटते. त्याने हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. त्याच शहरात एके दिवशी ते घोड्याच्या ट्राममध्ये बसले असता, गोऱ्या उतारूसाठी जागा सोडून बाहेरच्या फळीवर उभे राहा, असे त्यांना सांगण्यात आले. ते उतरले आणि पायी चालत गेले. हा प्रकार पुष्कळांच्या जिव्हारी लागला, त्यावर सभा झाल्या, आणि १८६७ साली पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने कायदा करून हा भेद बंद केला. शौर्याने बक्षीस मिळते, पण बसावयास जागा मिळावयास कायदा लागतो, हा धडा त्यांनी येथे घेतला.

युद्ध संपले. गुलामी गेली. स्मॉल्स ब्यूफर्टला परतले. ज्या घराच्या मागे ते गुलाम म्हणून जन्मले, तेच मॅकींचे घर कर थकल्यामुळे सरकारजमा झाले होते. ते त्यांनी विकत घेतले आणि आपल्या आईला तेथे सन्मानाने आणिले. पुढे दुसऱ्या पक्षाने त्या घरावर हक्क सांगितला, खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८७८ साली निकाल स्मॉल्स ह्यांच्या बाजूने लागला. ह्या घराची एक आठवण ब्यूफर्टमध्ये सांगतात. जुन्या मालकाची पत्नी वृद्धपणी स्मृतिभ्रंश होऊन, हे घर अजून आपलेच आहे असे समजून दाराशी आली. स्मॉल्स ह्यांनी तिला हाकलून दिले नाही, आत घेऊन ठेवून घेतले. वैऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा आपण दर रविवारी ऐकतो. ती पाळणारा माणूस कसा दिसतो, हे ह्या एका प्रसंगावरून कळते.

मात्र स्मॉल्स घर मिळवून स्वस्थ बसले नाहीत. १८६७ साली त्यांनी ब्यूफर्टमध्ये कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेसाठी एक दुमजली इमारत मिळवून दिली. पुढील वर्षी राज्याची नवी घटना तयार करण्यासाठी चार्ल्सटन येथे परिषद भरली. तिच्या सभासदांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. त्यांतले कितीतरी जण तीन वर्षांपूर्वी गुलाम होते. तेथे स्मॉल्स ह्यांनी ठराव मांडला की, राज्यात सर्व वर्गांच्या मुलांना खुल्या, फी नसलेल्या सार्वजनिक शाळांची व्यवस्था असावी आणि शिक्षण सक्तीचे असावे. ही गोष्ट घटनेत आली. सहा ते सोळा वर्षांच्या प्रत्येक मुलाने निदान चोवीस महिन्यांइतके शिक्षण घेतलेच पाहिजे, अशी तरतूद तीत होती. आणि सार्वजनिक पैशावर चालणारी शाळा वर्ण न पाहता सर्वांना खुली राहील, असेही तीत लिहिले गेले.

वाचकहो, ह्या कलमाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. ज्या राज्यात चौतीस वर्षांपूर्वी गुलामाला अक्षर शिकविणाऱ्यास तुरुंग होता, त्याच राज्यात आता मुलाला शाळेत न घालणे कायद्याविरुद्ध ठरले. आणि हे केवळ कृष्णवर्णीयांसाठी नव्हते. दक्षिणेतील गरीब गोऱ्या शेतकऱ्याच्या मुलालाही पूर्वी धड शाळा नव्हती. कालच्या गुलामांनी घटना लिहिली तेव्हा ती त्यालाही मिळाली. कलमाची पुरी अंमलबजावणी झाली असे मात्र नाही. पैसा अपुरा, शिक्षक थोडे, सक्ती बहुतेक कागदावर आणि व्यवहारात शाळा वेगवेगळ्याच राहिल्या. तरी १८७६ पर्यंत त्या राज्याच्या शाळांत एक लाख वीस हजारांहून अधिक मुले नोंदली गेली. शून्यातून आठ वर्षांत उभे राहिलेले हे काम होते.

१८६८ पासून १८७० पर्यंत स्मॉल्स राज्याच्या प्रतिनिधीगृहात आणि नंतर १८७५ च्या आरंभापर्यंत राज्याच्या सिनेटमध्ये बसले. ह्याच काळात, १८७३ साली, पुण्यास जोतीराव फुले ह्यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील ज्या लोकांनी गुलामांच्या मुक्ततेसाठी औदार्य व त्याग दाखविला, त्यांना तो त्यांनी अर्पण केला होता. जोतीरावांना स्मॉल्स हे नाव ठाऊक असल्याचे कोठे आढळत नाही. परंतु एक माणूस पुण्यात आणि दुसरा साउथ कॅरोलायनाच्या सिनेटमध्ये, एकाच वेळी, एकाच निष्कर्षाला येऊन पोचले होते, हा मोठा योग होय. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनीही मुलांना निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, हीच मागणी केली.

विधिमंडळाबाहेरचे त्यांचे एक काम भातशेती करणाऱ्या आपल्या वाचकांस विशेष कळेल. ऑगस्ट १८७६ मध्ये कंबाही नदीकाठच्या भातमळ्यांवरील मजुरांनी काम बंद केले. त्यांची मजुरी रोख मिळत नसे. मळेवाल्याच्या नावच्या चिठ्ठ्या मिळत, आणि त्या चिठ्ठ्या त्याच्याच दुकानात, तो सांगेल त्या भावाने वठत. मजूर चिडले होते, मळेवाले सशस्त्र होते आणि रक्तपात होण्याचा रंग होता. राज्याच्या गव्हर्नरांनी स्मॉल्स ह्यांना धाडले. ते त्या वेळी काँग्रेसचे सभासद आणि राज्याच्या नागरी सैन्यदलाचे सेनानी होते. पण ते बंदुका घेऊन गेले नाहीत, मजुरांशी बोलले. काही पुढाऱ्यांनी आपणहून ब्यूफर्टच्या न्यायाधीशापुढे हजर व्हावे असे ठरले. ते गेले आणि सुटले. रोख मजुरीची मागणी बऱ्याच अंशी पदरात पडली आणि रक्ताचा थेंब सांडला नाही.

परंतु राज्यातील वारे फिरले होते. १८७६ च्या निवडणुकीत लाल सदरे घातलेल्या सशस्त्र टोळ्यांनी कृष्णवर्णीयांना मतदानापासून हाकलले, कित्येकांचे प्राण घेतले आणि जुने मळेवाले पुन्हा सत्तेवर आले. पुढल्याच वर्षी स्मॉल्स ह्यांच्यावर खटला झाला. सिनेटच्या छपाई समितीचे अध्यक्ष असताना त्यांनी ५,००० डॉलर लाच घेतली, असा आरोप होता. न्यायालयाने दोषी ठरवून तीन वर्षांची शिक्षा दिली. तीन दिवस तुरुंगात काढल्यावर ते अपिलासाठी जामिनावर सुटले. १८७९ साली गव्हर्नरांनी त्यांना माफी दिली, पण ती एका सौद्याचा भाग होती: दुसऱ्या पक्षाच्या लोकांवरील निवडणूक गैरव्यवहाराचे खटले केंद्र सरकारने सोडून द्यावयाचे होते. आपण निर्दोष आहोत, असे स्मॉल्स अखेरपर्यंत म्हणत राहिले. त्यांच्यावर साक्ष देणारा मुख्य साक्षीदार स्वतःच घोटाळ्यात गुंतलेला होता आणि खटल्यामागे राजकीय सूड होता, असे बहुतेक इतिहासकारांचे मत आहे. तथापि त्या काळी त्या विधिमंडळात लाचलुचपत होती, हेही खरे आहे. थोर पुरुषाचे चरित्र सांगताना हा डाग झाकून ठेवणे आपल्या मुलांच्या हिताचे नाही. सार्वजनिक पैशाजवळ बसणाऱ्याने हात नुसते स्वच्छ ठेवून भागत नाही, ते स्वच्छ दिसतीलही असे वागावे लागते. तसे न झाले तर शत्रू त्याच्या नावाबरोबर त्याच्या कामालाही काळे फासतो. दक्षिणेत हेच झाले. ‘पाहा, ह्यांना राज्य करता येत नाही’ असे म्हणून शाळांचा पैसा तोडण्यात आला आणि मतदानाचा हक्क हिरावण्याची तयारी झाली.

स्मॉल्स १८७५ ते १८८७ ह्या काळात, मध्ये खंड पडून, पाच वेळा काँग्रेसमध्ये निवडले गेले. तेथील कामाचा तपशील सोडून आपण एकदम १८९५ सालाकडे येऊ, कारण ह्या चरित्राची कसोटी तेथे आहे.

त्या वर्षी साउथ कॅरोलायनाची आणखी एक घटना परिषद कोलंबिया येथे भरली. तिचा सूत्रधार बेंजामिन टिलमन ह्याने आपला हेतू लपविला नाही: कृष्णवर्णीयांचे मत काढून घ्यावयाचे. एकशे साठ सभासदांत कृष्णवर्णीय अवघे सहा उरले होते, त्यांतले पाच ब्यूफर्ट जिल्ह्याचे आणि त्यांत छपन्न वर्षांचे स्मॉल्स होते. १८६८ च्या परिषदेत जे बसले होते आणि आता तीच घटना मोडली जाताना पाहावयास पुन्हा आले होते, अशा मोजक्या माणसांत ते एक. नव्या घटनेने ठरविले की, ज्याला मत द्यावयाचे त्याने घटनेतील कोणतेही कलम वाचून किंवा ऐकून समजावून दाखवावे, नाही तर तीनशे डॉलरच्या मिळकतीवर कर भरल्याचे सिद्ध करावे. समजले की नाही हे ठरविणारा अधिकारी अर्थात गोरा. अडाणी गोऱ्याला ‘समजले’ आणि शिकलेल्या कृष्णवर्णीयाला ‘समजले नाही’ असे म्हणावयास तो मोकळा होता. म्हणजे आधी ज्यांना अक्षरे शिकू दिली नाहीत, त्यांनाच आता अक्षरांच्या नावाने दाराबाहेर काढले. स्मॉल्स ह्यांनी ज्या पाटीची शिडी केली होती, तिचीच ह्यांनी भिंत केली.

स्मॉल्स ह्यांनी तेथे केलेल्या भाषणाचे सार असे: आमच्या लोकांना विशेष मेहेरबानी नको, जीवनाच्या झगड्यात त्यांना सर्वांसारखी संधी मिळाली म्हणजे पुरे. आपण हरणार, हे त्यांना ठाऊक होते. मते मोजावयाचीही गरज नव्हती. तरी ते बोलले. परिषद संपली तेव्हा घटनेवर सही न करणाऱ्यास प्रवासभत्ता देऊ नये, अशी सूचना निघाली. सही करण्यापेक्षा मी ब्यूफर्टपर्यंत चालत जाईन, असे स्मॉल्स ह्यांनी उत्तर दिले. त्यांनी सही केली नाही. १८६२ च्या पहाटे त्यांना कप्तानाची टोपी घालून सोंग घ्यावे लागले होते. ह्या वेळी ते उघड्या चेहऱ्याने उभे राहिले, आणि सुटकेची वाट कोठेच दिसत नव्हती. दोन्हींपैकी अधिक अवघड कोणते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

उरलेली बरीच वर्षे त्यांनी ब्यूफर्ट बंदराचे जकात अधिकारी म्हणून काढली. ‘प्लँटर’च्या खऱ्या किमतीच्या मानाने बक्षीस फारच थोडे दिले गेले होते, हे मान्य करून काँग्रेसने १९०० साली ५,००० डॉलरची रक्कम ठरविली, त्यातून आधीचे १,५०० वजा करून! २३ फेब्रुवारी १९१५ रोजी, ज्या घराच्या मागे ते जन्मले होते त्याच घरात त्यांनी डोळे मिटले. त्या वेळी त्यांच्या कामाचे सारे चिन्ह पुसले गेल्यासारखे दिसत होते. १८९७ नंतर साउथ कॅरोलायनातून एकही कृष्णवर्णीय सभासद काँग्रेसवर गेला नाही. तो जावयास १९९३ साल उजाडले. अक्षरपरीक्षेची भिंत १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने पाडली. २०२३ साली अमेरिकेच्या नौदलातील एका युद्धनौकेला त्यांचे नाव देण्यात आले. बंडखोर सेनेच्या एका विजयाचे तिचे पूर्वीचे नाव बदलून हे नाव दिले गेले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता आपल्याकडे वळू. फी नसलेली सक्तीची शाळा आपल्यालाही फुकट मिळालेली नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात तिचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ती साऱ्या संस्थानास लागू केली. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी देशासाठी तसे विधेयक आणिले, ते फेटाळले गेले. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा तो हक्क म्हणून अंमलात यावयास १ एप्रिल २०१० उजाडावे लागले. म्हणजे स्मॉल्स ह्यांच्या ठरावानंतर एकशे बेचाळीस वर्षांनी.

हक्क कागदावर आला की तो घरात आला, असे मात्र नव्हे. साउथ कॅरोलायनाच्या कलमाचे जे झाले ते आपल्याही गावी होऊ शकते. लावणीच्या दिवसांत मुलगी शाळेऐवजी खाचरात दिसते, मोठ्या भावाच्या फीसाठी धाकटीचे नाव कमी होते, वर्गास शिक्षक नाही हे सर्वांना ठाऊक असून पालकसभेस चार माणसे जमत नाहीत. ह्यांपैकी एकही गोष्ट कोण्या टिलमनने आपल्यावर लादलेली नाही. ती आपण होऊ देतो. ह्या पंधरवड्यात प्रत्येक कुटुंबाने एवढे करावे: आपल्या घरातील सहा ते चौदा वर्षांचे प्रत्येक मूल, विशेषतः प्रत्येक मुलगी, मागील महिन्यात किती दिवस शाळेत गेली, हे हजेरीपत्रक पाहून मोजावे, आणि शाळेच्या सभेस घरटी एक माणूस तरी जावे. मत मागावयास येणाऱ्या उमेदवारालाही आपल्या शाळेबद्दल पहिला प्रश्न विचारावा.

लिडियाने आपल्या मुलाचे डोळे उघडले, आणि त्या मुलाने एका साऱ्या राज्याच्या मुलांसाठी शाळेचे दार उघडले. ते दार पुढे इतरांनी लोटून घेतले. पण ते तेथे होते, हे कोणास विसरता आले नाही, म्हणूनच ते पुन्हा उघडले. आपल्या गावचे दार आज उघडे आहे. त्यातून आपली मुले रोज आत जातात की नाही, एवढेच पाहावयाचे आपल्या हाती उरले आहे.